गॅरेजमध्ये सोपवलेली अमानत

देवरीतून जाणारा राष्ट्रीय महामार्ग क्रमांक ५३ रात्रीही झोपत नाही. एका बाजूला नागपूर, दुसऱ्या बाजूला छत्तीसगडची हद्द ओलांडून रायपूर, आणि मध्ये जंगलाला लागून असलेले आमचे हे तालुक्याचे गाव. या रस्त्याच्या कडेला टायरची, पंक्चरची, वॉशिंगची, वेल्डिंगची दुकाने आहेत आणि त्यांत पाना धरून बसलेली कितीतरी मुले आपल्या घरांतली आहेत. त्याच वेळी आता आपल्या अनेक घरांसमोर हप्त्यावर घेतलेली चारचाकीही उभी असते. म्हणजे एकाच दस्तरखानावर गिऱ्हाईकही जेवते आणि मिस्त्रीही. म्हणूनच या महिन्याचा विषय दोघांसाठी आहे : चांगली गाडी दुरुस्तीला दिली आणि दुकानातच तिच्या चाकांचे नुकसान झाले, तर काय करावे?

विषय छोटा वाटेल. रिमवर ओरखडा आला, त्यात काय एवढे? पण चाकाचा संबंध केवळ दिखाव्याशी नाही. चाक ज्या नटांवर बसते ते चार-पाच नट नीट बसले नाहीत, तर गाडीतल्या बायकामुलांचा जीव त्यांच्यावर टांगलेला असतो. आणि दुसरे असे की नुकसान लहान असते तेव्हाच माणसाची नियत कळते. दुकानदाराचीही आणि गिऱ्हाइकाचीही.

आधी चाकाचे काय बिघडू शकते ते पाहू. पूर्वी गाड्यांना लोखंडी रिम असे. ती वाकली तर ठोकून सरळ होत असे. आता बऱ्याच गाड्यांना अलॉय व्हील असतात. ती ॲल्युमिनियमच्या मिश्रधातूची, दिसायला सुरेख, पण कड नाजूक. टायर काढण्याच्या मशीनचा लोखंडी भाग रिमच्या कडेला घासला की खोल ओरखडा पडतो. म्हणून चांगले दुकानदार मशीनच्या त्या तोंडाला प्लॅस्टिकचे कव्हर लावतात. बॅलन्सिंगसाठी लोखंडी रिमला कडेवर ठोकायचे वजन चालते, अलॉयला मात्र आतून चिकटवायचे वजन लावावे लागते. चाक चकचकीत करण्यासाठी जास्त ॲसिड असलेला साबण मारला तर त्यावरचा लेप उडतो आणि पांढरे डाग कायमचे राहतात.

सगळ्यात महत्त्वाचे म्हणजे नट. नट आधी हाताने दोन-तीन आटे फिरवून बसवायचा असतो. मग समोरासमोरचे नट आळीपाळीने आवळायचे, आणि शेवटचा जोर गाडी जॅकवरून खाली उतरवल्यावर टॉर्क रेंचने मोजून द्यायचा. बहुतेक छोट्या गाड्यांना तो साधारण १०० न्यूटन-मीटरच्या आसपास लागतो. नेमका आकडा गाडीच्या पुस्तिकेत छापलेला असतो. घाईत असलेला पोरगा हवेच्या गनने नट सरळ ठोकतो तेव्हा दोनपैकी एक गोष्ट होते. नट वाकडा बसला तर आटे जातात. प्रमाणाबाहेर आवळला तर स्टड ताणला जातो, कधी तुटतो. आणि नट नुसताच जास्त घट्ट झाला, तरी रात्री जंगलाच्या पट्ट्यात टायर बसल्यावर घरच्या पान्याने तो हलत नाही. त्या वेळी गाडीत एखादी भगिनी मुलांसह एकटी असेल, तर हा ‘किरकोळ’ दोष किती किरकोळ राहतो, याचा विचार करावा.

असाच अनुभव आम्हालाही आला. महामार्गावरच्याच एका दुसऱ्या गावात, एका टायरच्या दुकानात आम्ही दोन नवे टायर टाकून घेतले आणि चारही चाकांचे बॅलन्सिंग करून घेतले. गाडी कुठेही सोपवताना चारही चाकांचे आणि किलोमीटरच्या आकड्याचे फोटो काढून ठेवायची आमची पद्धत आहे. त्याप्रमाणे फोटो काढले होते. जॉब कार्डवर ‘आधीचे नुकसान’ हा रकाना दुकानदाराने कोराच ठेवला होता. संध्याकाळी अंधार पडताना गाडी मिळाली. घरी येताना सत्तर-ऐंशीच्या वेगाला स्टिअरिंग थरथरू लागले. सकाळी उजेडात पाहिले तर दोन रिमच्या कडा छिलल्या होत्या आणि तिसऱ्या चाकाचा एक नट तिरपा बसून त्याचे आटे गेले होते.

त्याच दिवशी आम्ही परत गेलो. मालक म्हणाला, “सर, हे आधीचंच असणार. आमची मशीन असं करत नाही.” आम्ही फोटो दाखवले. मग त्याने भिंतीवरच्या पाटीकडे बोट दाखवले : ‘गाडी मालकाच्या जबाबदारीवर.’ आम्ही म्हटले, “भाई, गाडी दिवसभर तुमच्या ताब्यात होती. किल्ली तुमच्याकडे, मशीन तुमची, मुलगा तुमचा. मग जबाबदारी आमची कशी?” तो जरा गप्प झाला आणि म्हणाला, “ठीक आहे, पोराच्या पगारातून कापतो.” तो पोरगा बाजूलाच उभा होता. असेल अठरा-एकोणीस वर्षांचा. हातातली चिंधी पिळत खाली बघत होता.

इथे हा प्रश्न केवळ आमच्या दोन रिमचा राहिला नाही.

आमचा इन्साफ त्या पोराच्या खिशातून होणार असेल तर तो इन्साफ आम्हाला नको होता. आणि हे केवळ दया म्हणून नव्हे. आपल्या फिकहमध्ये या बाबतीत स्पष्ट फरक केलेला आहे. मजुरीवर काम करणारा दोन प्रकारचा. एक ‘अजीरे खास’, म्हणजे एकाच मालकाकडे ठरलेल्या वेळेसाठी राबणारा नोकर. दुसरा ‘अजीरे मुश्तरक’, म्हणजे जो सगळ्यांचे काम घेतो. शिंपी, धोबी, रंगारी आणि आजच्या काळात गॅरेजवाला. नोकराने मुद्दाम किंवा निष्काळजीपणे बिघडवले नसेल तर त्याच्यावर भरपाई नाही. पण सगळ्यांचे काम घेणाऱ्या कारागिराच्या स्वतःच्या कामातून वस्तू बिघडली, तर हनफी फिकहच्या प्रसिद्ध मतानुसार ती भरपाई त्याच्यावर येते. फुकहांनी याचे उदाहरण दिले ते कपडा धुताना आपटून फाडणाऱ्या धोब्याचे. धोब्याला कपडा फाडायचा नव्हता, हे सगळ्यांना मान्य. तरी कपडा ज्याचा होता त्याचे नुकसान झालेच ना? वस्तू चोरीला गेली, आगीत सापडली, तर काय, यावर इमाम अबू हनीफा आणि त्यांचे शिष्य इमाम अबू यूसुफ व इमाम मुहम्मद यांच्यात मतभेद आहेत. पण कारागिराच्या स्वतःच्या हाताने झालेल्या नुकसानीबद्दल या तिघांचा कल एकच आहे. १९ व्या शतकात उस्मानी राजवटीने हनफी फिकहच्या आधारे ‘मजल्ला’ नावाची कायद्याची संहिता तयार केली. तिच्या ६११ व्या कलमातही हेच तत्त्व आले आहे. कारागिराची चूक असो वा नसो, त्याच्या कामातून झालेल्या नुकसानीला तो जबाबदार.

हजरत अली (रजि.) यांच्याबद्दलही अशी रिवायत आहे की ते कारागिरांकडून भरपाई घेत, कारण त्याशिवाय लोकांचे व्यवहार नीट चालणार नाहीत, असे त्यांचे म्हणणे होते. विचार करा, लोक आपली वस्तू कारागिराकडे सोडून निघून जातात. तिथे काय घडले हे त्यांनी पाहिलेले नसते. जबाबदारी कारागिराने घेतली नाही तर कोणीच कुणाकडे काही सोपवणार नाही. आणि मग नुकसान कोणाचे? कारागिराचेच.

आता देशाचा कायदा पाहू. तो या तत्त्वापासून फार दूर नाही. १८७२ च्या भारतीय करार कायद्यात, कामासाठी दुसऱ्याच्या ताब्यात दिलेल्या वस्तूबद्दल स्वतंत्र प्रकरण आहे. कलम १५१ सांगते की सामान्य समजूतदार माणूस स्वतःच्या वस्तूची जितकी काळजी घेईल, तितकी काळजी ती वस्तू सांभाळणाऱ्याने घेतली पाहिजे. याच कायद्याच्या कलम १७० ने दुकानदारालाही हक दिला आहे : वस्तूवर केलेल्या कामाची मजुरी मिळेपर्यंत ती रोखून धरण्याचा. म्हणून वाद झाला तरी कामाचे ठरलेले पैसे अडवून ठेवू नयेत. पैसे द्यावेत, पावती घ्यावी आणि पावतीवर किंवा वेगळ्या कागदावर आपली तक्रार लिहून द्यावी.

आणि त्या पाटीचे काय? १९९८ च्या ऑगस्टमध्ये एक गृहस्थ दिल्लीच्या ताज महाल हॉटेलात आपली मारुती झेन घेऊन गेले. किल्ली हॉटेलच्या माणसाकडे दिली. परत आले तेव्हा गाडी कोणीतरी पळवून नेली होती. पार्किंगच्या चिठ्ठीवर ‘मालकाच्या जोखमीवर’ असे छापलेले होते. प्रकरण ग्राहक आयोगातून सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेले. १४ नोव्हेंबर २०१९ रोजी न्यायालयाने निकाल दिला. गाडी एकदा ताब्यात घेतली की ती सुस्थितीत परत देण्याची जबाबदारी हॉटेलची. ती परत देता आली नाही, तर आपण निष्काळजी नव्हतो हे आधी हॉटेलने दाखवायचे. स्वतःच्या निष्काळजीपणातून केवळ एका छापील ओळीच्या आधारे सुटता येणार नाही. हा निकाल हॉटेलच्या पार्किंगबद्दलचा आहे आणि प्रत्येक प्रकरण आपापल्या पुराव्यावर ठरते. पण भिंतीवरची पाटी म्हणजे शेवटचा शब्द नव्हे, एवढे तरी आपण समजून घ्यावे.

ग्राहकांची चळवळ तर आपल्या महाराष्ट्राच्याच मातीतली. १९७४ मध्ये पुण्यात बिंदुमाधव जोशी यांनी ग्राहक पंचायतीचे काम सुरू केले. देशाचा पहिला ग्राहक संरक्षण कायदा १९८६ चा. आज लागू आहे तो २०१९ चा कायदा, जुलै २०२० पासून. त्यातील चार गोष्टी घरात सगळ्यांना ठाऊक असाव्यात. एक, पैसे देऊन घेतलेल्या सेवेत कसूर झाली तर तक्रार करता येते, आणि दुरुस्ती हीही सेवाच. दोन, दुकान कुठेही असो, आपण जिथे राहतो किंवा काम करतो त्या जिल्ह्याच्या आयोगात तक्रार दाखल करता येते. देवरीकरांसाठी ते गोंदियात आहे. तीन, सेवेपोटी दिलेली रक्कम ५ लाखांपर्यंत असेल तर फी नाही, आणि वकील लावलाच पाहिजे असेही नाही. चार, मुदत २ वर्षांची. त्याआधी १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर फोन करता येतो. पुष्कळ प्रकरणे तिथेच मिटतात.

पण आयोग ही शेवटची पायरी. पहिली पायरी म्हणजे उजेड. गाडी शक्यतो दिवसा ताब्यात घ्यावी आणि दुकानाच्या दारातच चारही चाकांभोवती एक फेरी मारावी. नुकसान दिसले तर गाडी तिथून हलवण्याआधी सांगावे. नंतर दिसले तर चोवीस तासांच्या आत परत जावे. ताजा ओरखडा चांदीसारखा चमकतो, जुन्यात धूळ आणि काळेपणा बसलेला असतो. मशीनचा घाव बहुधा टायर बसतो त्या कडेने वळत जातो, तर रस्त्याच्या कठड्याला घासलेले रिम बाहेरून खरवडलेले दिसते. आणि हेही खरे की वाकलेल्या रिमचा दोष नेहमी दुकानदाराचा नसतो. आपल्याकडचे खड्डे हे काम रोज करतात. फिरवून पाहिल्याशिवाय, दुसऱ्या जाणकार मिस्त्रीला दाखवल्याशिवाय आरोप करू नये. साक्ष द्यायची तर इन्साफाने द्यावी, ती स्वतःच्या विरुद्ध जात असली तरी, अशी शिकवण आपल्याला सूरह निसामध्ये मिळाली आहे. ती गिऱ्हाईक म्हणूनही लागू आहे.

दुसरी पायरी, लेखी मागणी. आम्ही एका पानाचे पत्र लिहिले. तारीख, बिलाचा क्रमांक, आधीचे आणि नंतरचे फोटो, दुसऱ्या मिस्त्रीने लिहून दिलेला खर्चाचा अंदाज आणि नेमकी मागणी : स्टड व नट बदलून द्यावा, बॅलन्सिंग पुन्हा करावे, दोन रिमच्या दुरुस्तीचा खर्च द्यावा. मुदत १५ दिवस. पत्र स्पीड पोस्टाने पाठवले, पावती जपून ठेवली. नव्या चार अलॉयची मागणी आम्ही केली नाही. आपला हक दोन रिमचा असताना चार मागणे हाही एक प्रकारचा ‘तत्फीफ’च, फक्त तराजू उलटा धरलेला. घेताना पुरेपूर घेणारे आणि देताना कमी देणारे, यांच्याबद्दल सूरह मुतफ्फिफीनमध्ये जो इशारा आहे तो केवळ व्यापाऱ्यांसाठी आहे असे आम्ही मानत नाही.

पत्र गेल्यावर फोन सुरू झाले. नात्यातले एक चाचा म्हणाले, “अरे, आपलाच माणूस आहे. एवढ्या-तेवढ्यासाठी कशाला? सब्र करावा.” आपल्या समाजात हा सल्ला वारंवार मिळतो, म्हणून त्याबद्दल थोडे सविस्तर. सब्र म्हणजे हक सोडणे नव्हे. प्रेषित मुहम्मद (स.) यांच्याकडे एक माणूस आपल्या उंटाचे देणे मागायला आला आणि कठोर बोलला. सोबतच्यांना राग आला. पण प्रेषितांनी (स.) त्यांना अडवले, कारण ज्याचा हक आहे त्याला बोलायचा अधिकार आहे, आणि त्याला त्याच्या उंटापेक्षा चांगला उंट देवविला. माफ करणे मोठेपणाचे आहे, यात शंका नाही. पण माफी हक असलेल्याने स्वखुशीने द्यायची असते. बाकीच्यांनी त्याच्या वतीने ती वाटायची नसते. आणि ‘आपला माणूस’ असेल तर उलट जास्त नीट सांगायला हवे. आज आपण गप्प बसलो तर उद्या तोच तिरपा नट दुसऱ्याच्या चाकात बसेल. त्याचे दुकान बुडेल ते आपल्या तक्रारीने नव्हे, त्या नटाने.

याची दुसरी टोकाची बाजूही आहे. काहीजण म्हणाले, “व्हॉट्सॲपच्या ग्रुपवर फोटो टाका, दुकानाचं नाव टाका, दोन दिवसांत वठणीवर येईल.” आम्ही ते केले नाही. ज्याच्यावर जुलूम झाला त्याला तो बोलून दाखवायची मुभा अल्लाहने दिली आहे. इमाम नववी (रह.) यांनी ‘रियाजुस्सालिहीन’मध्ये ज्या सहा प्रसंगी दुसऱ्याच्या पाठीमागे त्याचा दोष सांगणे चालते ते नोंदवले आहेत. त्यांत दाद मागणे आहे, लोकांना सावध करणे आहे. पण दाद मागायची ती जो दाद देऊ शकतो त्याच्याकडे. ग्रुपमधले २०० लोक स्टड बदलून देणार नाहीत. ते मजा बघतील, दुकानदाराच्या बापाला आणि जमातीला नावे ठेवतील, आणि मूळ गोष्ट बाजूला राहील. शिवाय रिकाम्या रकान्यांसारखी अर्धी माहिती पसरली तर बदनामीचा दावा आपल्यावरच यायचा.

बाराव्या दिवशी मालकाचा फोन आला. त्याने स्टड आणि नट बदलून दिला, बॅलन्सिंग पुन्हा केले, एका रिमची कड घासून रंगवून घेतली आणि दुसऱ्याच्या दुरुस्तीचे पैसे दिले. रंगाची छटा तंतोतंत जुळली नाही. ती आम्ही सोडून दिली. दोन ओळींचा कागद लिहून दोघांनी सह्या केल्या. पोराच्या पगाराचे आम्ही विचारले. “नाही कापला, सर,” मालक म्हणाला. कायदाही तेच सांगतो. नुकसानीपोटी कामगाराचे वेतन कापायचे तर ते त्याच्या निष्काळजीपणामुळेच झालेले असावे लागते, आणि त्याआधी त्याला आपली बाजू मांडायची संधी द्यावी लागते. त्या मुलाला टॉर्क रेंच कोणी कधी हातात दिला होता? शिकवले नाही ते मालकाने, मग भरायचे मात्र पोराने, हे कुठल्याही हिशेबात बसत नाही.

आता ज्यांच्या घरी गॅरेज आहे, टायरचे दुकान आहे, अशा वाचक बांधवांसाठी. ‘पंक्चरवाले’ म्हणून आपल्याला हिणवणारे लोक आहेत. त्या शब्दाची लाज वाटायचे काहीही कारण नाही. स्वतःच्या हातची कमाई ही सर्वांत चांगल्या कमाईत गणली गेली आहे. पण या धंद्याची इज्जत भाषणांनी वाढणार नाही, कामाने वाढेल. गाडी घेताना गिऱ्हाइकासमोर चारही चाके पाहून जुने ओरखडे जॉब कार्डवर लिहून घ्या आणि दोघांच्या सह्या करा. व्यवहार लिहून ठेवण्याची सूचना कुरआनच्या सर्वांत लांब आयतीत, सूरह बकराच्या २८२ व्या आयतीत, उधारीच्या संदर्भात आली आहे. त्यामागची हिकमत इथेही तितकीच उपयोगी आहे. लिहून घेतल्याने गिऱ्हाईक वाचते, आणि खोट्या तक्रारीपासून दुकानदारही वाचतो. मुलांना नट हाताने धरायला शिकवा, टॉर्क रेंच घ्या, मशीनला कव्हर लावा. गिऱ्हाइकाला सांगा की ५० ते १०० किलोमीटर चालवून एकदा नट तपासायला या. आणि नुकसान झालेच तर गाडी देण्याआधी स्वतःच्या तोंडाने सांगा. ज्याने स्वतःहून सांगितले त्याच्याकडे गिऱ्हाईक दहा वर्षे परत येते.

आणि घरातल्यांसाठी एक काम. या रविवारी गाडीतली पुस्तिका काढा, चाकाच्या नटाला किती जोर लागतो तो आकडा शोधा. मुलांना, मुलींनाही, जॅक लावून स्टेपनी बदलायला शिकवा. एकदा नट सैल करून पाहा. तो घरच्या पान्याने सुटत नसेल, तर ज्या दुकानाने शेवटचे चाक बसवले तिथे गाडी न्या आणि शांतपणे सांगा, “भाई, हा नीट करून द्या.” बहुतेक लोक करून देतात. जो देणार नाही, त्याच्यासाठी कागद आहे, पेन आहे, १९१५ आहे.